दवण्याचं छप्पर

"काका, दवणा कुठे मिळेल हो इथे?"

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सिद्धीने जिन्यातूनच विचारलं आणि सूर्यकांत दुधाची पिशवी हातात धरून तिथेच थांबले. या घरात दवण्याचं नाव कुणी काढून बरीच वर्षं झाली होती.

सिद्धी मूळची पुण्याची. एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती आणि चामराजपेटातल्या त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होती. चैत्रात तिची आई पहिल्यांदाच बेंगळूरला येणार होती. "आईचं एकच म्हणणं आहे, देवाला दवणा वाहिल्याशिवाय चैत्र होत नाही. मी ॲपवर शोधलं, कुठेच नाहीये. मार्केटमधला फुलवाला म्हणतो, यंदा मालच नाही."

"मार्केटात कशाला शोधायचा? आपण बागेतच जाऊ," सूर्यकांत बोलून गेले, आणि मग त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. प्रमोदिनी गेल्यापासून त्यांनी त्या वाटेला पाऊल टाकलं नव्हतं.

प्रमोदिनी कोल्हापूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला इथलं काहीच रुचेना. सांबारात गूळ, रस्त्यावर कानडी, आणि या घरात चार पिढ्या बोलत आलेली मराठीसुद्धा तिला अर्धी कानडीच वाटायची. सासूबाई "स्वल्प मीठ घाल ग" म्हणायच्या आणि ही चिमटीत मीठ घेऊन चुलीपाशी उभी, स्वल्प म्हणजे किती ते न कळून. पहिला चैत्र आला तशी ती एका दुपारी मुळूमुळू रडायला लागली. विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडे आता जोतिबाला दवणा चढत असेल. इथे कुणाला दवणा ठाऊक तरी आहे का?"

सूर्यकांत तेव्हा पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नवे नवे लागले होते. त्यांनी तिथल्या मिस्त्रीला विचारलं तर तो हसायलाच लागला. "अरे, दवणा तर इथलाच! हेसरघट्ट्याच्या पलीकडे बागा आहेत त्याच्या. कानडीत आम्ही दवन म्हणतो, एवढाच काय तो फरक." पुढच्या रविवारी सूर्यकांतांनी मित्राची स्कूटर मागून आणली, नव्या बायकोला मागे बसवलं आणि विचारत विचारत केंपनपाळ्य नावाचं गाव गाठलं.

बाग दिसायच्या आधी वास आला. बांधावरून खाली उतरल्यावर तांबड्या मातीत एकाला एक लागून वाफे, आणि त्यांत गुडघ्याएवढा दवणा, रुपेरी, दवाने भिजलेला. मधे मधे अबोलीच्या रांगा. प्रमोदिनी वाफ्याच्या कडेला मटकन बसली आणि तिने दोन्ही हातांनी एक झुडूप नाकाशी ओढलं. बागेतल्या घरातून तिच्याच वयाची एक मुलगी बाहेर आली. ती कृष्णवेणी, बागेचे मालक सुब्बाराव यांची बायको, तीही लग्न होऊन नुकतीच आलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. प्रमोदिनीने झाडाला बोट लावलं, "दवणा." कृष्णवेणी म्हणाली, "दवन." मग मरवा आणि मरुग, शेवंती आणि सेवंतिगे. अबोलीपाशी मात्र गाडं अडलं. कनकांबर हे नाव प्रमोदिनीच्या जिभेवर काही केल्या बसेना, आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या. सूर्यकांत आणि सुब्बाराव बाजूला उभे राहून नुसते बघत होते.

तेव्हापासून दर वर्षी फाल्गुन संपता संपता केंपनपाळ्याची फेरी ठरलेली. पुढे स्वतःची स्कूटर आली, मग मुलगा मधे बसू लागला, मग तो शिकायला परदेशी गेला आणि पुन्हा दोघंच. तेव्हाचं बेंगळूर थंड होतं. चामराजपेटात पंखा असायचा तो पाहुण्यांसाठी. फाल्गुनातसुद्धा सकाळी निघायचं तर प्रमोदिनी कानाला मफलर बांधायची आणि वाटेत चहाला थांबलं की दोघं पेला दोन्ही हातांत धरून बसायचे. परत येताना मांडीवरच्या ओल्या फडक्यात दवणा, आणि स्कूटरच्या मागे सबंध पीण्याभर त्याचा वास.

सिद्धीच्या गाडीत ती वाट सूर्यकांतांना ओळखू येईना. जिथे नाचणीची शेतं होती तिथे गोदामं उभी राहिली होती. बांधाशी उतरल्यावर त्यांनी सवयीने श्वास ओढून घेतला. धुळीचा वास आला, आणि कुठूनतरी डिझेलचा.

"बन्नी अण्णा, बन्नी!" कृष्णवेणीअक्कांनी दारातूनच ओळखून या या केलं. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. त्यांची नजर सूर्यकांतांच्या मागे गेली, सिद्धीवर थबकली आणि खाली वळली. प्रमोदिनी गेल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं. समोरासमोर मात्र आजच भेटत होते. अक्कांनी पाणी आणून दिलं.

बागेत विहिरीजवळचा एक वाफा तेवढा जिवंत होता. बाकीच्या वाफ्यांत काळे पडलेले खुंट आणि त्यावर वाढलेलं गवत.

"थंडी थंडीसारखी पडत नाही," सुब्बाराव म्हणाले. त्यांचा उजवा खांदा धरला होता, बोलताना ते तो सारखा दाबत होते. "दव पडलं तर पडलं. आणि नेमकी फुलं धरली की पाऊस. पूर्वी शिवरात्रीनंतर आमच्याकडे आभाळात ढग दिसायचा नाही. आता दर वर्षी त्याच वेळेला झोडपतो. दवण्याला फुलावर असताना पाणी चालत नाही, अण्णा. दोन दिवसांत मान टाकतो. पुढच्या वर्षी काढूनच टाकावा म्हणतोय सगळा."

अक्कांनी विहिरीजवळच्या वाफ्यातला दवणा कापून सिद्धीच्या हातात दिला. जुडी कसली, मूठभरच होता. सिद्धीने वास घेतला आणि डोळे मिटले. "काका, हे कसलं अमेझिंग आहे!"

सूर्यकांत वाफ्यांकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर ती जुनी बाग उभी होती, कडेला मफलर बांधून बसलेली प्रमोदिनी होती, आणि ते सगळं काढून टाकायची भाषा चालली होती. त्यांना ते सोसेना.

"पाऊसच अडवायचा ना?" ते म्हणाले. "मग छप्पर घालू."

सुब्बाराव हसले. अक्का हसल्या नाहीत. "घालता येईल?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर सूर्यकांतांनी लोखंडाला हवा तो आकार दिला होता. त्यांच्या हाताखाली शिकलेला जयतीर्थ आता पीण्यात स्वतःचा छोटा कारखाना चालवत होता. त्याने कोपऱ्यातलं एक टेबल आणि वेल्डिंगचं मशीन त्यांना वापरायला दिलं. पावसाळाभर सूर्यकांत सकाळी डबा घेऊन बस पकडायचे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या नखांत पुन्हा काळं वंगण दिसू लागलं. दिवाळीनंतर रोपं वाफ्यांत लागली आणि त्या पाठोपाठ पाइपच्या कमानी उभ्या राहिल्या. त्यांवर जाड प्लास्टिकचा कागद ताणून पक्का बांधला. तीन वाफे झाकले. काम इतकं नीटस झालं की गावातले लोक बघायला आले.

डिसेंबर सरत आला तसं काहीतरी बिनसलंय हे दिसायला लागलं. छपराखालचा दवणा भराभर वाढला, पण हिरवा आणि लुसलुशीत. रुपेरी झाक येईना. बुडाशी पानं सडू लागली. अक्कांनी एक शेंडा खुडला, बोटांत चुरडला, हुंगला आणि सूर्यकांतांपुढे धरला. ओल्या गवताचा वास येत होता.

"ही दवण्याची नुसती सावली आहे, अण्णा," त्या म्हणाल्या. "याला रात्री उघडं आभाळ लागतं. गारठा लागतो. पानावर दव बसायला हवं, सकाळच्या उन्हात ते वाळायला हवं. हल्ली मुळात दव थोडं, तेही आपण अडवलं."

सूर्यकांतांना आठवलं, प्रमोदिनी म्हणायची, दव खातो म्हणून तो दवणा. ते शब्द खरे असोत नसोत, त्यांनी किती वेळा ऐकले होते! आणि तरी दवाचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. ते वरमून म्हणाले, "मी पावसाकडेच बघत बसलो."

"आम्ही तरी कुठे काही बोललो? छप्पर बघून आम्हीही खूश होतो," अक्का म्हणाल्या.

ते परतीच्या वाटेला लागले. गाडी सिद्धी चालवत होती. तिची आई दवणा घेऊन, देवाला वाहून, कधीच पुण्याला परतली होती. पण सिद्धीचा मात्र या बागेवर जीव जडला होता आणि सुट्टीच्या दिवशी तीच त्यांना घेऊन यायची. ती म्हणाली, "काका, उघडं पण पाहिजे आणि बंद पण पाहिजे. म्हणजे शटरच की!"

सूर्यकांतांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "दुकानाचं शटर," ते हळूच म्हणाले. "आडवं."

जानेवारीत त्यांनी छप्पर सोडवलं आणि नव्याने बांधलं. आता कागद एका लांब पाइपावर गुंडाळलेला होता. पाइपाच्या टोकाला सायकलची दातेरी चाकं आणि चेन, आणि खाली फिरवायला दांडा. दांडा फिरवला की कागद कमानींवर पसरायचा, उलटा फिरवला की गुंडाळून बाजूला. सिद्धीने पावसाचा अंदाज सांगणारं ॲप अक्कांच्या फोनमध्ये घालून दिलं. अक्का ते बघायच्या आणि मग बाहेर येऊन आभाळही बघायच्या.

उघड्यावर आल्यावर दवणा सावरला. सडलेली रोपं गेली ती गेलीच, पण उरलेल्यांची वाढ थांबली, देठ कणखर झाले, आणि एका सकाळी सूर्यकांत आले तेव्हा वाफ्यांवर रुपेरी झाक होती. त्यांनी वाकून वास घेतला आणि बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. सुब्बारावांनी त्यांना हाक मारली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी फुलं आली, बारीक, पिवळी. त्या शनिवारी दुपारी सूर्यकांत आणि सिद्धी बागेतच होते. जेवणं झाली होती. पश्चिमेकडून वारा सुटला, आणि अक्का ताट धुता धुता उठल्या. "आला," त्या म्हणाल्या. ॲपने काहीच सांगितलं नव्हतं.

पहिल्या छपराचा दांडा सुब्बारावांनी डाव्या हाताने फिरवला आणि ते सरसर पसरलं. दुसरं सूर्यकांतांनी पसरवलं. तिसरं अर्ध्यावर अडकलं. वाऱ्याने कागदाची कड उचलून एका कमानीच्या टोकात गुंतवली होती. टपोरे थेंब पडायला लागले. सूर्यकांतांनी जोर लावला तशी चेन चाकावरून उतरली. "काका, थांबा, फाटेल!" सिद्धी ओरडली आणि चिखलातून धावत जाऊन कड सोडवायला लागली. अक्का बांबू घेऊन दुसऱ्या बाजूने आल्या. पण तोवर पाऊस धो धो कोसळू लागला होता. वाऱ्याने कागद दोघींच्या हातांतून हिसकून घेतला आणि तो फडफडत बांधापलीकडे जाऊन पडला. तिसरा वाफा त्यांच्या डोळ्यांदेखत आडवा झाला.

ओल्या अंगाने चौघं पडवीत उभे राहिले. पाऊस तासभर पडला असेल. थांबल्यावर सुब्बारावांनी जाऊन दोन्ही छपरं गुंडाळली. खाली दवणा कोरडा, ताठ उभा होता. त्यांनी एका फुलाला बोट लावलं आणि ते वयाला न शोभेल असं खदखदून हसले. "अक्का! इकडे ये!" बायकोला ते गावासारखं अक्काच म्हणायचे. "बघ, एक थेंब नाही!"

दोन वाफ्यांचा दवणा त्या चैत्रात मार्केटात गेला. अबोलीच्या गजऱ्यात मधे मधे गुंफलेल्या काड्या बेंगळूरच्याच शिवाजीनगरच्या बसस्टॉपवर एका बाईच्या केसांत दिसल्या तेव्हा सूर्यकांतांना उगीचच वाटलं, त्या आपल्याच वाफ्यातल्या असाव्यात.

त्यांच्या डोक्यात आता एकच विचार होता. सगळे वाफे. चेनऐवजी दुसरं काही बसवायचं, कमानींची टोकं गोल करायची, आणि सबंध बाग छपराखाली आणून पुन्हा दवण्याने भरायची, अगदी पूर्वी होती तशी. एका सकाळी ते मोजमापाची फीत घेऊन बागेत आले. अक्का त्यांच्या मागे मागे दोन वाफे चालल्या, मग थांबल्या.

"अण्णा, फीत गुंडाळा."

"का? काय झालं?"

"दोन वाफे पुरेत. तिसऱ्याची डागडुजी करा, तीन होतील. बाकीच्यात मी कढीपत्ता लावणार आहे. बांधाला शेवगा. त्याला ऊन चालतं, पाऊसही चालतो. वरच्या कोपऱ्यात एक तळं खणायचं, पडेल ते पाणी धरून ठेवायला."

"पण ही दवण्याची बाग आहे, अक्का."

"होती," कृष्णवेणीअक्का म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण शब्द मागे घेतला नाही. "इतक्या छपरांचे दांडे कोण फिरवणार? यांचा खांदा असा. तुम्ही शनिवारी असता, पाऊस मंगळवारी येतो. तुम्हाला ती बाग परत पाहिजे आहे. मला कळतं, मलाही आठवते. तिकडे कडेला ती बसायची, मी भाकरी आणून द्यायची, आणि ती म्हणायची, 'स्वल्प'!" त्या किंचित हसल्या, मग डोळे पुसले. "पण मला ही बाग चालवायची आहे. उद्याही, परवाही."

सूर्यकांतांनी फीत गुंडाळली. "सरी," बरं, एवढंच कानडीत म्हणून ते बसस्टॉपकडे निघाले. त्यांना राग आला होता, आणि राग कुणावर ते सांगता येत नव्हतं. दोन शनिवार ते गेले नाहीत. घरात बसून राहिले. सिद्धीने विचारलं तर म्हणाले, "तिथलं काम झालं."

तिसऱ्या शनिवारी दुपारी उन्हाने अंगाची काहिली होत होती. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि त्यातून गरम वाराच येत होता. सूर्यकांत पडल्या पडल्या त्या फिरत्या पात्यांकडे बघत होते. त्यांची आई पूर्वी याच दिवसांत अंगावर चादर घ्यायची. बघता बघता त्यांच्या मनात आलं, आपण या घरात पंखे लावले तेव्हा कुणाला विचारलं होतं? उकडायला लागलं आणि लावले. त्यासाठी कुणी जुन्या हवेचं सुतक धरलं नाही. अक्का तरी वेगळं काय करत होत्या?

ते उठले, तोंडावर पाणी मारलं आणि वर हाक दिली, "सिद्धी, गाडी काढतेस का?"

तळं खणायला गावातली माणसं लागली. सूर्यकांतांनी त्यातून वाफ्यांपर्यंत ठिबकच्या नळ्या टाकल्या. कढीपत्त्याच्या रोपांना पहिला उन्हाळा जड जाऊ नये म्हणून अक्कांनी बुडाशी नाचणीचा काड पसरला आणि तो कसा, किती जाड पसरायचा ते त्यांना आणि सिद्धीला करून दाखवलं. तिसऱ्या छपराची चेन जाऊन तिथे दोरी आणि कप्पी आली. ती एका हाताने ओढता यायची. त्या कामात पावसाळा गेला. सुब्बाराव आता बाग काढून टाकायचं बोलत नव्हते. शेवग्याला पहिल्या शेंगा धरल्या तेव्हा त्यांनी पिशवी भरून सूर्यकांतांच्या हातात कोंबली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास पलीकडच्या गावचा मोहनकुमार नावाचा शेतकरी बागेत आला. त्याची शेवंती होती, आणि रोपवाटिका दोन वर्षं पावसात वाहून गेली होती. त्याने छपराची दोरी ओढून पाहिली, सोडून पाहिली, पुन्हा ओढली.

"हे कुणी केलं?"

"आम्ही सगळ्यांनी," अक्का म्हणाल्या. "पण भेटायचं असेल तर ते बघा तिथे बसलेत, चामराजपेटचे अण्णा. आधीच सांगते, ते सगळं शेत झाकायला बघतील. तुम्ही आपलं हवं तेवढंच करून घ्या."

सूर्यकांत मोठ्याने हसले.

पुढच्या शनिवारी ते मोहनकुमारच्या शेतावर गेले. या जागी ते पूर्वी कधी आले नव्हते. इथल्या कुठल्याच बांधावर त्यांच्यासाठी कुणी बसलेलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढून ठेवली, ओल्या मातीत उतरले आणि फीत बाहेर काढायच्या आधी मोहनकुमारला म्हणाले, "आधी मला सांगा, तुमच्या शेवंतीला काय काय लागतं? पाऊस नको, ते कळलं. बाकीचं सांगा."

मोहनकुमार सांगायला लागला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्याच्या बायकोने, रम्याने, फणसाच्या झाडाखाली चटई टाकून दिली, आणि दोघं जेवणाची वेळ होईपर्यंत बोलत बसले.